कातड्याच्या वाटेने

हिंदमाता म्हटलं की मुंबईकराला कपड्यांची दुकानं आठवतात आणि पावसात भरणारं पाणी. या नाक्याचा आवाज बाहेरच्यांना फारसा ठाऊक नसतो. जून संपत आला की दादरपासून परळ, भारतमाता, लालबागपर्यंतच्या पट्ट्यात संध्याकाळी कुठल्या तरी मैदानातून, कुठल्या शाळेच्या आवारातून ढोलताशाचा सराव ऐकू येऊ लागतो. कॉलेजातली मुलं, बँकेत नाहीतर आयटीत नोकरी करणाऱ्या मुली, चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरात राहायला गेलेली गिरणी कामगारांची नातवंडं कमरेला ढोल बांधून दोन-अडीच महिने घाम गाळतात, ते गणपतीच्या आगमन-विसर्जनाच्या मोजक्या दिवसांसाठी. अशा एखाद्या पथकाने जपानला जावं, तिथला ताइको हा ढोल ऐकावा, जमलं तर दोन हात शिकावेत, ही गोष्ट आता आवाक्याबाहेरची नाही. मी या प्रवासाच्या पूर्ण बाजूने आहे. माझा आग्रह आहे तो मार्गाबद्दल. देवळं, रंगमंचावरचा एक कार्यक्रम, तासाभराची कार्यशाळा आणि किमोनोतला फोटो, एवढ्यावर प्रवास उरकला, तर पथक येताना फक्त 'जपानी लोकांची शिस्त' घेऊन येईल. शिस्त आपल्या चांगल्या पथकांतही असते. ढोलावर जे कातडं ताणलेलं असतं ते कुणी सोलतं, कुणी कमावतं, कुणी चढवतं. जपानमध्ये त्या कातड्याचा माग काढत फिरलं, तर लक्षात येतं की हिंदमाता आणि ओसाका यांच्यात वाटलं होतं त्याहून फार कमी अंतर आहे. पथकाने ते अंतर चालून यावं, एवढंच मला सांगायचं आहे.

पहिला टप्पा विमानतळाच्या आधीच लागतो. हिंदमात्याहून वरळी नाक्याकडे जावं. डॉ. ॲनी बेझंट रस्त्यावर पोदार रुग्णालयाजवळ १९५६ साली उभं राहिलेलं निप्पोनझान म्योहोजी पंथाचं जपानी बुद्धमंदिर आहे. जवळच बीडीडी चाळी आहेत, जांबोरी मैदान आहे. या मंदिरात सकाळ-संध्याकाळ जी उपासना चालते, तिचा कणा ढोल आहे. पंथाचे भिक्खू रस्त्याने चालतानाही हातात एक पंखा-ढोल धरतात. लाकडी मुठीला गोल कडं, कड्यावर एकच कातडं, आणि त्यावर एका छोट्या काठीचा सरळ, न थांबणारा ठेका. दिसायला आपल्या डफ-हलगीचं हे मुठीचं भावंड. पंथाचे संस्थापक निचिदात्सु फुजी १९३१ साली भारतात आले, १९३३ साली वर्ध्याला गांधीजींना भेटले, आणि सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन करणारा त्यांचा सात अक्षरांचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत गेला. ज्या मुंबईत जपानी ढोल ऐकायला मोठ्या सभागृहाचं तिकीट काढावं लागतं असं आपण समजतो, त्याच मुंबईत तो साठ-सत्तर वर्षं रोज वाजतो आहे आणि शेजारून बेस्टच्या बस जात आहेत.

हा मंत्र ज्याने लोकांच्या ओठी रुळवला तो निचिरेन तेराव्या शतकातला. सत्ताधाऱ्यांना त्याचा उपदेश रुचला नाही आणि १२७१ साली त्याला सादो या बेटावर हद्दपार केलं गेलं. तिथून पुढच्या वर्षी लिहिलेल्या पत्रात त्याने स्वतःला 'सेंदारा'च्या कुळातला म्हटलं आहे. सेंदारा म्हणजे आपलाच 'चांडाळ'. बौद्ध ग्रंथांबरोबर हा शब्द भारतातून चीनमार्गे जपानला पोचला आणि तिथे प्राणी मारणाऱ्या, कातडं हाताळणाऱ्या लोकांना चिकटला. निचिरेनचं घर समुद्रकाठचं, मासेमारीवर जगणाऱ्यांच्या वस्तीतलं. तो खरोखर तळातल्या घरातला होता की नम्रतेने तसं लिहीत होता, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण आपल्या देशातून निर्यात झालेली एक शिवी एका हद्दपार माणसाने ताठ मानेने स्वतःच्या नावापुढे लावली, आणि त्याच माणसाचा मंत्र आज वरळीत ढोलावर वाजतो, हे खरं आहे. पथकातल्या प्रत्येकाने विमानात बसण्यापूर्वी एवढं ऐकून घ्यावं. पुढच्या सगळ्या प्रवासाचा सूर त्यात लागतो.

निचिरेनचं ते सादो बेट हे आज जगभरच्या ताइको वादकांचं तीर्थ आहे. तोक्योहून शिनकानसेनने निइगाता, तिथून जलद बोटीने तासाभरात सादो. १९६९ साली तरुणांचा एक गट इथे येऊन राहिला आणि ओंदेकोझा नावाचं पथक उभं राहिलं. ही मंडळी एवढी धावत की १९७५ साली बोस्टनची मॅरेथॉन पूर्ण करून लगेच ढोलाला भिडली. त्यांच्यातूनच १९८१ साली कोदो हे पथक वेगळं झालं आणि त्याने पहिला कार्यक्रम केला थेट बर्लिनमध्ये. आजही कोदोत शिरायचं तर दोन वर्षं बेटावर एकत्र राहून उमेदवारी करावी लागते. स्वयंपाक, शेती, धावणं, आणि मग ढोल. बेटावर पाहुण्यांनाही ढोलावर हात टाकता येईल असं केंद्र आहे. तिथे आपल्या वादकाला पहिल्याच तासाला ओळखीची खूण पटेल. ताइकोचा पाठ कागदावर सुरू होत नाही, तोंडात सुरू होतो. मोठ्या ढोलाच्या मध्यावरचा ठोका 'दोन्', दोन जलद ठोके 'दोको', लाकडी कडेवरचा 'का'. आधी बोलायचं, मग वाजवायचं. तबल्याचे बोल ज्याच्या कानावर आहेत, किंवा ताशाची तर्री ज्याने आधी तोंडाने म्हणून मग काड्यांनी काढली आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

पण सादोवर जो भारावून जातो त्याला मी आणखी एक गोष्ट सांगेन. रांगेने मांडलेले लहानमोठे ढोल एकत्र वाजवण्याचा हा प्रकार हजार वर्षांचा नाही. देवळात, उत्सवात, नो आणि काबुकी या नाट्यप्रकारांत ढोल जुनाच आहे. नाराच्या तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाची नेत्रोन्मीलनाची पूजा ७५२ साली बोधिसेन या भारतीय भिक्खूने केली, त्या सोहळ्यातही वाद्यं घुमली होती. ढोलांचा वाद्यवृंद मात्र १९५१ सालचा. नागानो प्रांतातल्या सुवा भागात ओगुची दाइहाची नावाच्या जॅझ ड्रमवादकाने मंदिराची जुनी तालाची नोंद हाती आल्यावर, ड्रमसेट मांडतात तसे वेगवेगळ्या उंचीचे ढोल मांडले आणि प्रत्येकाला वेगळं काम दिलं. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकच्या निमित्ताने हा वाद्यवृंद देशाच्या नजरेत आला. आपलं पथकही असंच तरुण आहे. कमरेला ढोल, पुढे ध्वज, रांगा धरून वाजवणारी शंभर-दीडशे मुलंमुली ही मांडणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यात बसली, ज्ञानप्रबोधिनीसारख्या शाळांच्या पथकांचा त्यात मोठा वाटा होता, आणि तिथून ती मुंबईत आली. त्याआधीच्या लालबाग-परळच्या मिरवणुकीत लेझीम होती, बँजो होता, सनई होती, हलगी होती. मला या तरुणपणात काही कमी वाटत नाही. दोन्ही देशांत वाद्य जुनं आणि पथक नवं असेल, तर पथक नवं होताना जुन्यातलं कोण आत आलं आणि कोण दाराबाहेर राहिलं, हे विचारलं पाहिजे.

त्याचं उत्तर ढोल कसा होतो ते पाहिल्याशिवाय मिळत नाही. तोक्योच्या असाकुसा भागात ढोल आणि देवाच्या पालख्या करणारं, १८६१ साली सुरू झालेलं मियामोतो उनोसुके हे घराणं आहे. इशिकावा प्रांतात आसानो घराण्याचं काम १६०९ पासूनचं. (असाकुसात गेल्यावर मात्सुचियामा शोदेन या मंदिरात डोकवावं. तिथला कांगितेन हा आपलाच गणपती, आणि त्याला मोदकाऐवजी मुळा वाहतात. लालबागच्या पोरांना तेवढी भेट हवीच.) उत्सवातला मोठा ढोल फळ्या जोडून होत नाही. केयाकी झाडाचा ओंडका आतून पोखरतात आणि तो तडकू नये म्हणून वर्षानुवर्षं सुकवत ठेवतात. गाईबैलाचं कातडं केस काढून, कमावून, भिजवून तोंडावर घालतात, कडेला दोर आणि खुंट्या लावून खाली ओढतात. मग कारागीर अनवाणी ढोलावर चढतो. त्या ओल्या कातड्यावर उभा राहून तो टाचांनी दाबतो, नाचल्यासारखा फिरतो, उतरतो, ठोका घेऊन कान लावतो, दोर आणखी आवळतो आणि पुन्हा चढतो. सूर जुळला की कडेने मोठ्या डोक्याचे खिळे ठोकले जातात. ढोलाला पहिला मार वादकाच्या काठीचा नसतो, तो करणाऱ्याच्या पायाचा असतो. आणि हे पाय शतकानुशतकं कुणाचे होते, हे जपानमध्ये सगळ्यांना माहीत असूनही फार काळ कार्यक्रमाच्या पत्रिकेवर छापलं जात नव्हतं.

म्हणून माझ्या यादीत ओसाका सर्वांत महत्त्वाचं. शहराच्या लूप मार्गावर आशिहाराबाशी हे साधं, प्रवासी पुस्तकांत न येणारं स्टेशन आहे. नानिवा वॉर्डचा हा भाग जुन्या एदो राजवटीच्या काळात वातानाबे गाव म्हणून ओळखला जाई. पश्चिम जपानचा कातड्याचा मोठा व्यापार या गावातून चाले आणि ढोल इथेच होत. गावकरी त्या काळच्या व्यवस्थेत अस्पृश्य गणले गेलेले. १८७१ च्या फर्मानाने कायद्याने भेद संपला, पण लग्नाच्या चौकशीत, नोकरीच्या अर्जात वस्तीचा पत्ता पाहून नकार देणं पुढे शंभर वर्षं चालू राहिलं. या वस्त्यांना आणि त्यांतल्या लोकांना आज बुराकू म्हणतात. देवळातला ढोल ज्यांनी केला, त्यांना देवळाच्या उत्सवात मान नव्हता. १९८७ साली याच वस्तीतल्या तरुणांनी स्वतः ढोल हाती घेतला. पथकाचं नाव ठेवलं 'इकारी', म्हणजे संताप. करणाऱ्यांच्या घरातली मुलं वाजवायला उभी राहिली आणि आम्ही कोण, कुठले, हे सांगून वाजवू लागली. आता स्टेशनाजवळच्या रस्त्यावर ढोलवादकांची शिल्पं आहेत आणि त्या रस्त्याला मानवी हक्कांचं आणि ताइकोचं नाव आहे. ज्या पत्त्यामुळे नोकरी नाकारली जाई तोच पत्ता त्यांनी फलकावर लावला. सादोवर वाजणारा ढोल माणसाला थक्क करतो, हे मान्य. पण नानिवातला ढोल विचारतो की तू माझ्या आवाजावर एवढं प्रेम करतोस, तर माझ्या घरी पाणी का पीत नव्हतास?

हा प्रश्न हिंदमात्याच्या माणसाला परका कसा वाटेल? बुराकू लोकांची सुइहेइशा ही संघटना क्योतोमध्ये ३ मार्च १९२२ रोजी स्थापन झाली. दोन वर्षांनी, ९ मार्च १९२४ रोजी, परळच्या दामोदर हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सभा बोलावली, आणि तीतून जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. हा हॉल हिंदमात्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता. बाबासाहेब ज्या बीआयटी चाळीत वीसेक वर्षं राहिले, तीही परळचीच. दोन देशांतली दोन आंदोलनं, एकमेकांचा हात न धरता, दोन वर्षांच्या अंतराने त्याच गोष्टीसाठी उभी राहिली. आणि ज्या पट्ट्यात ती सभा झाली त्याच पट्ट्यात आज ढोल घुमतो. आपल्याकडे हलगी, डफडं, सनई ही वाजंत्र्यांची वाद्यं. गावगाड्यात ती वाजवणं मातंगांवर आणि इतर दलित जातींवर नेमून दिलेलं. कातडं कमावणं ढोरांकडे, चामड्याचं काम चर्मकारांकडे. लग्नाच्या वरातीत हलगीवाला सगळ्यांच्या पुढे चाले आणि पंगतीत सगळ्यांच्या शेवटी, बाहेर, बसे. कोकणातून, घाटावरून गिरणीत आलेली माणसं हे सगळं बरोबर घेऊन लालबाग-परळला आली.

यावर पहिला आक्षेप मला माहीत आहे. कलेत जात कशाला आणता, ढोलापुढे सगळे सारखेच. सरावाच्या मैदानात हे बऱ्याच अंशी खरं आहे. पथकात आडनाव विचारून टिपरू हातात देत नाहीत, मुली मुलांच्या बरोबरीने वाजवतात, आणि हे आजच्या पथकांचं मोठं काम आहे. पण सारखेपणा मैदानात आहे म्हणून तो ढोलाच्या इतिहासात होता असं होत नाही. जात मी आणत नाही, ती कातड्याबरोबर आलेली आहे. दुसरा आक्षेप अधिक विचाराचा आहे. बुराकू आणि आपली जातव्यवस्था एक नाही. तिथे हजारो जातींची उतरंड नव्हती, चेहऱ्यावरून, भाषेवरून, आडनावावरून कुणी ओळखू येत नाही, लोकसंख्येतलं प्रमाणही फार लहान. हे मला पूर्ण मान्य. म्हणूनच तुलना मोघम ठेवू नये, कातड्यापाशी ठेवावी. मेलेल्या जनावराला हात लावणारा विटाळतो आणि त्याने केलेलं वाद्य मात्र देवाला चालतं, ही गाठ दोन्हीकडे एकच आहे. शॉन बेंडर यांनी 'ताइको बूम' या २०१२ च्या पुस्तकात ताइकोच्या भरभराटीचा अभ्यास करताना ढोल करणाऱ्या बुराकू समाजाची दखल घेतली आहे. आपल्या पथकांवर असं काम कुणी मराठीत करावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा, आणि तो आंबेडकरी घरांतून येतो. हलगी आम्ही टाकली, ती पुन्हा गळ्यात का घालता? १९२७ च्या महाड परिषदेनंतर मेलेली ढोरं ओढणं, मृतमांस खाणं सोडण्याचं आवाहन गावोगाव गेलं, आणि त्याबरोबर अनेकांनी वाजवण्याची सक्तीची कामंही नाकारली. त्यासाठी बहिष्कार सोसले, मार खाल्ला. या नकाराचा मान हलगीच्या कौतुकाने कमी होणार असेल, तर ते कौतुक नको. पण जे टाकलं ते वाद्य होतं की सक्ती? आंबेडकरी जलशांनी ढोलकी, डफ, तुणतुणं हाती घेतलंच, आणि नवं गाणं उभं केलं. मातंग समाजातून आलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी डफावरच्या शाहिरीने गिरणगाव पेटवलं. (१९६१ साली ते सोव्हिएत रशियाला गेले आणि त्या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिलं. कामगाराच्या नजरेने परदेश कसा पाहावा, हे पथकाने त्यातून शिकावं.) तमिळनाडूत परई या ढोलाचंही तेच झालं, मयताला सक्तीने वाजवायचं वाद्य आता दलित तरुण स्वतःच्या मर्जीने रंगमंचावर आणतात. नानिवातली मुलंही सक्तीने वाजवत नाहीत. नाही म्हणण्याचा हक्क ज्याने कमावला, त्याच्याच होकाराला किंमत असते. म्हणून हलगी परत आणायची की नाही, हे ज्यांच्या आजोबांनी ती टाकली त्यांनी ठरवावं. पथकाचं काम वेगळं आहे. ढोल आपला म्हणताना तो आधी कुणाचा होता, ते सांगणं.

'पण आता चामडं आहेच कुठे' असंही म्हणतील. आहे फार थोडं. गणपती भर पावसात येतो, आणि पावसात चामड्याचं पान ढिलं पडतं, आवाज बसतो, म्हणून बहुतेक पथकांनी ढोलाला फायबरचं पान घेतलं. ताशावरही प्लॅस्टिक आलं. हलगीवाला वाजवण्याआधी शेकोटीवर हलगी शेकून घेई, कातडं तापून कडकडीत झालं की मगच पहिली काडी पडे. ही शेकोटी आता शहरात दिसत नाही. व्यवहार म्हणून पान बदलणं योग्यच झालं. मला खंत आहे ती एवढीच की कातड्याबरोबर कातडं चढवणाऱ्याचं नावही गेलं. मिरवणुकीत पथकाचं नाव टी-शर्टावर असतं, मंडळाचं कमानीवर, देणगीदाराचं फलकावर. ढोल बांधून देणाऱ्याचं कुठेच नसतं.

वातानाबे गावात ताइकोया माताबेइ या नावाचे ढोलकर्ते होऊन गेले. त्यांचे ढोल दूरदूरच्या देवळांत गेले. जुन्या ताइकोचं कातडं फाटलं की तो उघडावा लागतो, आणि तेव्हा पोकळ ओंडक्याच्या आत शाईने लिहिलेलं दिसतं: करणाऱ्याचं नाव, गाव, साल. पुजाऱ्याला ते दिसत नाही, वादकाला दिसत नाही. पुढच्या दुरुस्तीला जो कारागीर तो ढोल उघडेल, त्याच्यासाठी ते लिहिलेलं असतं. आपल्याकडेही जूनमध्ये सरावाआधी ढोल दुरुस्तीला जातात. जपानहून आलेल्या पथकाने त्या वर्षी दुकानात थोडं जास्त थांबावं, जुनं पान उतरलेलं असताना कारागिराच्या हाती मार्कर द्यावा, आणि दादा, काका जे म्हणत असतील ते म्हणून त्याला सांगावं की खोडाच्या आत तुमचं नाव, गाव आणि आजची तारीख लिहा. मग पान चढवावं.